स्ट्रीट कारसाठी टर्बो निवडणे आणि तपासणे : ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० (२.० टीएसआय), पुणे

घाटमाथा_२३०

गाडी ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, २०१७ ची. इंजिन ईए८८८ जेन ३, गिअरबॉक्स सहा गिअरचा ओल्या क्लचचा ऑटोमॅटिक डीएसजी (डीक्यू२५०). टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) मूळचा आयएस२० मॉडेलचा, वर स्टेज १ ट्यून (फक्त सॉफ्टवेअर बदलून वाढवलेली पॉवर). गाडी रोज वापरायची आहे. पुण्यातला ट्रॅफिक, महिन्यातून दोनदा मुंबई, पावसाळा सोडून महाबळेश्वर आणि ताम्हिणी.

लक्ष्य क्रँकवर (चाकांवर नव्हे, इंजिनावर) ३५० बीएचपी. पेट्रोल ९५ ऑक्टेनचे सगळीकडे मिळते, १०० ऑक्टेनचे मोजक्या पंपांवरच, म्हणून ट्यून ९५ वरच धरायचा आहे.

पर्याय तीन. (१) कंपनीचाच मोठा भाऊ आयएस३८, जो गोल्फ आर आणि ऑडी एस३ वर येतो. (२) आयएस२० च्याच हाऊसिंगमध्ये मोठी चाके बसवलेला हायब्रिड. (३) गॅरेट जी२५-५५० चे किट.

कोणता घ्यावा, यापेक्षा कसे ठरवावे हे कळले तर जास्त बरे. आणि बसवल्यावर तो नीट काम करतोय की नाही हे कशावरून ओळखायचे?

घनमापक

टर्बोच्या जाहिरातीतली बीएचपी बाजूला ठेवा. टर्बो बीएचपी देत नाही, हवा देतो. आपल्या इंजिनाला किती हवा, किती दाबाने लागणार ते काढायचे आणि तो बिंदू कॉम्प्रेसर मॅपवर (टर्बोचे हवा दाबणारे चाक किती हवा किती दाबाने देते त्याचा आलेख) कुठे पडतो ते पाहायचे.

हवेचे वजन = बीएचपी × हवा-इंधन प्रमाण × बीएसएफसी ÷ ६०. पूर्ण लोडवर प्रमाण १२ धरा आणि बीएसएफसी ०.५० (दर बीएचपीला तासाला अर्धा पौंड इंधन). ३५० × १२ × ०.५ ÷ ६० = ३५ पौंड/मिनिट, म्हणजे ०.२६५ किलो/सेकंद. तोंडी हिशेब हवा असेल तर दहा बीएचपीला एक पौंड/मिनिट.

आता दाब. इंजिन १,९८४ सीसी, ६,००० आरपीएम, व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी (सिलिंडर हवेने किती भरतो त्याचे प्रमाण) ०.९५. चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरते, म्हणून सेकंदाला ५० वेळा. १.९८४ × ५० × ०.९५ = ९४.२ लिटर/सेकंद. एवढ्या जागेत ०.२६५ किलो हवा बसवायची तर घनता २.८१ किलो/घनमीटर लागते. इनटेक मॅनिफोल्डमध्ये हवा ५०° से. असेल, तर त्यासाठी दाब २६० किलोपास्कल ॲब्सोल्यूट (म्हणजे निर्वातापासून मोजलेला). इंटरकूलर आणि पाइपमध्ये १४ किलोपास्कल जातील असे धरले, तर कॉम्प्रेसरमधून हवा बाहेर पडताना २७४.

इथे पुण्याचा मुद्दा येतो. मुंबईत वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल. पुणे सुमारे ५६० मीटरवर, तिथे ९५ च्या आसपास. एअर फिल्टर आणि इनटेक पाइपचे ३ वजा करा. मुंबईत कॉम्प्रेसरला ९८ मिळतात, पुण्यात ९२.

प्रेशर रेशो मुंबईत २७४ ÷ ९८ = २.८. पुण्यात २७४ ÷ ९२ = २.९८.

मॅपच्या उभ्या अक्षावर प्रेशर रेशो, आडव्या अक्षावर करेक्टेड फ्लो (प्रमाण हवामानाला आणलेला प्रवाह) असतो. गॅरेटच्या मॅपसाठी प्रमाण स्थिती सुमारे ३०° से. आणि ९६ किलोपास्कल. आत येणारी हवा ४०° ची धरली तर तेच ३५ पौंड मुंबईत ३४.८ होतात आणि पुण्यात ३७.२. गाडी तीच, बीएचपी तेवढीच, पण पुण्यात बिंदू मॅपवर वर आणि उजवीकडे, दोन्ही बाजूंना सरकतो. मुंबईत आरामात चालणारा टर्बो पुण्यात कडेला आलेला असू शकतो.

थंडा_करून_घ्या

घनमापक, गणित बरोबर आहे, पण ५०° ही अपेक्षा पुण्याच्या एप्रिलला सोसणारी नाही.

प्रेशर रेशो २.९८ ला कॉम्प्रेसरची एफिशियन्सी ७२ टक्के असली तरी ४०° ची हवा बाहेर पडताना १९७° ची झालेली असते. टर्बो मॅपच्या कडेला चालत असेल आणि एफिशियन्सी ६५ वर आली, तर २१४°. आता १९७ वरून ५० वर आणायचे म्हणजे इंटरकूलरने ९४ टक्के काम करायला हवे. रस्त्यावरच्या गाडीत, पुढे एसीचा कंडेन्सर असताना, ८५ टक्के मिळाले तरी चांगला इंटरकूलर म्हणायचा. ८५ टक्क्यांना हवा ६३-६४° वर येते.

१०° वाढले की सुमारे ३ टक्के हवा गेली आणि नॉक (मिश्रण आपोआप पेटून ठोके बसणे) जवळ आला. तेव्हा गणितात ६३° घ्या.

घनमापक

मान्य. ६३° घेतले की मॅनिफोल्ड २७१, कॉम्प्रेसरमधून बाहेर पडताना २८५, आणि पुण्यात प्रेशर रेशो ३.१. जेन ३ चे हेड चांगला श्वास घेते, व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी १ धरली तर पाच टक्के सूट मिळेल. पण खरेदीच्या वेळी सूट धरू नये.

याच आकड्यांवर महाबळेश्वर पाहा. तिथे १,३५० मीटरवर वातावरण ८६, फिल्टरनंतर ८३. २८५ ÷ ८३ = ३.४. ईसीयू (इंजिनाचा संगणक) मॅनिफोल्डचा ॲब्सोल्यूट दाब गाठायला पाहतो, त्यामुळे घाट चढताना चालकाला फरक जाणवत नाही. टर्बो मात्र जास्त वेगाने फिरत असतो. ओव्हरस्पीड असाच होतो, बूस्ट गेजवर फारसे काही वेगळे न दिसता.

तेरा_नंबरचा_पाना

आता लोखंडाकडे येऊ. जेन ३ मध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे. टर्बो थेट हेडला बोल्ट होतो. म्हणून दुसऱ्या इंजिनांसारखा मॅनिफोल्ड बदलून हवा तो टर्बो लावायची मोकळीक इथे कमी. तिन्ही पर्याय याच चष्म्यातून बघा.

आयएस३८ : बसवायला सगळ्यात सरळ. फ्लँज, तेल-पाण्याच्या लाइन, इलेक्ट्रॉनिक वेस्टगेट (टर्बाइनला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारी झडप) ॲक्चुएटर, सगळे आयएस२० च्या जागी बसते. बूस्ट सुमारे ५०० आरपीएम उशिरा येतो. ३,२०० च्या पुढे आयएस२० विसरायला होते. वाईट बाजू म्हणजे त्याचा अधिकृत कॉम्प्रेसर मॅप सहज मिळत नाही आणि टर्बो स्पीड मोजायची सोय नाही. सुरुवातीच्या पार्ट नंबरच्या आयएस३८ मध्ये जास्त बूस्टवर शाफ्ट मोडण्याची तक्रार जगभर झाली. घेताना पार्ट नंबरच्या शेवटची अक्षरे बघून सर्वात अलीकडचाच घ्या. वापरलेला असेल तर माझे मत स्पष्ट आहे : नको.

हायब्रिड : याची किंमत कोणी बॅलन्स केला यावर ठरते. चाके मोठी, बेअरिंग मूळचेच. कोअर (शाफ्ट आणि चाकांचा मधला भाग) पूर्ण जोडल्यावर हाय-स्पीड बॅलन्सिंग मशीनवर फिरवल्याचा आलेख मागा, त्यावर त्याच कोअरचा नंबर हवा. फक्त चाक वेगळे बॅलन्स केल्याचा कागद पुरेसा नाही. आणि टर्बाइनचे (एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाचे) हाऊसिंग आयएस२० चेच राहिले असेल, तर वर ५,५०० नंतर एक्झॉस्ट तुंबतो. कॉम्प्रेसर कितीही मोठा लावा.

जी२५-५५० : कॉम्प्रेसर ४८/६० मिमी, बॉल बेअरिंग, गॅरेटचा पल्ला ३०० ते ५५० बीएचपी. टर्बाइनचा धातू १,०५०° से. पर्यंत चालणारा. मॅप जाहीर आहे आणि कॉम्प्रेसर हाऊसिंगमध्ये स्पीड सेन्सरसाठी जागा आहे. तुमचा ३७ पौंड, ३.१ चा बिंदू त्याच्या आत आरामात बसतो. पण अडॅप्टर, डाउनपाइप, पाइपिंग, वेस्टगेटची वेगळी व्यवस्था हे सगळे आले, आणि खर्च आयएस३८ च्या कितीतरी पट. ४०० बीएचपीच्या वर जायचे असेल तरच हा विषय काढावा.

जी२५-६६० कोणी सुचवेल. रोजच्या २ लिटर गाडीला नको. ट्रॅफिकमध्ये ३,००० च्या खालीच आयुष्य जाते आणि तिथे तो झोपलेला असतो.

डीएसजी_दुरुस्ती

टर्बोच्या आधी गिअरबॉक्सचे गणित. ६,००० ला ३५० बीएचपी म्हणजे ४१५ न्यूटन-मीटर. डीक्यू२५० ची मूळ क्षमता साधारण ३५०, नंतरच्या आवृत्त्यांत ४०० पर्यंत. म्हणजे नुसती वरची पॉवर धरली तरी तुम्ही मर्यादेबाहेर आहात. त्यात कोणी ३,५०० ला ४७० न्यूटन-मीटरचा डोंगर उभा केला, तर क्लच पॅक घसरणारच.

टर्बोबरोबर टीसीयू (गिअरबॉक्सचा संगणक) ट्यूनही घ्या, क्लॅम्पिंग प्रेशर वाढवलेला. गिअरबॉक्सचे तेल आणि फिल्टर नवे. कंपनीचा अंतराल ६०,००० किमी आहे, तुम्ही ४०,००० धरा. आणि ट्यूनरला सांगा, टॉर्क डोंगरासारखा नको, पठारासारखा हवा : ३,२०० पासून ६,००० पर्यंत जवळजवळ सपाट. कनेक्टिंग रॉडही त्याने वाचतात, कारण रॉड वाकतात ते कमी आरपीएमला जास्त टॉर्कने.

लाल_१८००

मध्येच विचारतो. माझी १.८ टीएसआय, सात गिअर डीएसजी. आयएस३८ बसेल का?

डीएसजी_दुरुस्ती

तुमचा गिअरबॉक्स डीक्यू२००, कोरडे क्लच, क्षमता २५० न्यूटन-मीटर. कंपनीने इंजिनाला २५० वरच बांधले ते याचसाठी. तुमचा मूळचा आयएस१२ टर्बो सुद्धा त्याला पुरून उरतो. टर्बोवर एक रुपयाही घालू नका. क्लच आणि मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्सचे नियंत्रण युनिट) नीट ठेवा, ट्यून केलाच तर सौम्य, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये टॉर्क मर्यादा घालून.

लाल_१८००

समजले, धन्यवाद.

ऑक्टेन_बघा

पेट्रोलचा मुद्दा राहिला. आता पंपावर येते ते ई२०. इथेनॉलमुळे नॉकला मदत होते, पण इंधन जास्त लागते. शुद्ध पेट्रोलचे स्टॉइकिओमेट्रिक (नेमक्या पूर्ण ज्वलनाचे) हवा-इंधन प्रमाण १४.७, ई२० चे साधारण १३.५. घनमापकांचे ३५ पौंड धरले तर शुद्ध पेट्रोल तासाला १०६ लिटर लागले असते. ई२० सुमारे ११४ लिटर. हा फरक हाय-प्रेशर पंपाने भरून काढायचा आहे. लॉगमध्ये रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब) मागितलेला आणि मिळालेला, दोन्ही घ्या. ५,५०० नंतर मिळालेला खाली पडत गेला, तर पंप संपला. टाकीतल्या लो-प्रेशर पंपाचा दाबही सोबत लॉग करा. तो पडल्यामुळे रेल पडत असेल, तर महागडा हाय-प्रेशर पंप बदलून काही होणार नाही.

प्लग एक पायरी थंड, गॅप ०.६ मिमी. जुन्या गॅपवर जास्त बूस्टला ठिणगी विझते. ते मिसफायर टर्बोचा दोष समजून लोक आठवडाभर पाइप तपासत बसतात.

१०० ऑक्टेनवर केलेली फाइल ९५ वर चालवू नका. दोन फाइल ठेवा किंवा एकच ९५ ची.

लॉगवाला

आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग. नवा टर्बो तपासायचा तर जुन्याचे लॉग हातात हवेत. आयएस२० काढायच्या आधीच हे करून घ्या, नंतर तुलनेला काही उरत नाही.

डायनो (गाडीची पॉवर मोजणारे यंत्र) किंवा बंद ट्रॅकवरच करा. भर हायवेवर पूर्ण लोडचे लॉग घेऊ नयेत, आणि एकट्याने तर नाहीच. गिअर तिसरा, मॅन्युअल मोड, किकडाउन न लागू देता. तेल ९०° च्या वर. २,५०० वरून पूर्ण थ्रॉटल, ६,५०० ला सोडा. असे तीन पुल (पूर्ण थ्रॉटलचे फेरे), मध्ये दोन-दोन मिनिटे. टाकीत तेच पेट्रोल, चाकात तीच हवा, हवामानाची नोंद.

चॅनल कमी घ्या, म्हणजे सॅम्पलिंग वेगवान राहते : आरपीएम, मागितलेला व मिळालेला बूस्ट, वेस्टगेटची स्थिती, इनटेक तापमान, चारही सिलिंडरचा रिटार्ड (नॉक टाळायला ईसीयूने ठिणगी किती अंश उशिरा दिली ते), लॅम्डा (हवा-इंधन प्रमाण भागिले स्टॉइकिओमेट्रिक प्रमाण), रेल प्रेशर. वीस चॅनल लावले की सेकंदाला दोन नोंदी येतात आणि नेमका खड्डा दोन नोंदींच्या मध्ये हरवतो.

वाचायचे असे. वेस्टगेट पूर्ण बंद आणि तरीही बूस्ट मागणीच्या खाली : हे ३,००० च्या आधी असेल तर स्वाभाविक, स्पूल चालू आहे, म्हणजे टर्बो वेग घेतोय. ५,५०० नंतर असेल तर एकतर गळती आहे, नाहीतर टर्बोचा दम संपला. चांगल्या जुळलेल्या टर्बोत ६,००० ला वेस्टगेट थोडा उघडा असतो, हाताशी काहीतरी शिल्लक असते.

बूस्ट गाठताना मागणीच्या वर ०.२ बारहून जास्त उडी मारून खाली येत असेल, तर वेस्टगेटचे ॲडाप्टेशन (ईसीयूला झडपेच्या टोकाच्या स्थिती शिकवणे) नीट झालेले नाही किंवा रॉडचे प्रीलोड चुकले आहे.

रिटार्ड : एखाद्या सिलिंडरला क्षणभर २-३° आले तर हरकत नाही. एकाच सिलिंडरला दर पुलला ५° च्या पुढे जात असेल, तर त्या सिलिंडरचा प्लग, कॉइल, इंजेक्टर पाहा. चारही एकदम जात असतील, तर पेट्रोल किंवा तापमान.

इनटेक तापमान पहिल्या पुलला फारसे काही सांगत नाही. तिसऱ्या पुलच्या शेवटचा आकडा बघा आणि तो खाली यायला किती वेळ लागतो ते. घाटात गाडीला मध्ये दोन मिनिटांची विश्रांती मिळत नाही.

आणि आणखी एक सवय लावून घ्या : ३,००० ते ६,००० ला लागलेला वेळ. तोच गिअर, तोच रस्ता, तेच वजन असेल तर हा आकडा खोटे बोलत नाही. बूस्ट वाढला आणि वेळ तोच राहिला, तर फक्त उष्णता वाढली.

एक्झॉस्ट_प्रेशर

लॉगवाल्यांच्या यादीत एक गोष्ट नाही, कारण ईसीयू ती मोजत नाही : टर्बाइनच्या आधीचा दाब. हायब्रिड आणि आयएस३८ मधला खरा फरक तिथेच कळतो.

टर्बाइन हाऊसिंगच्या तोंडाशी, वेस्टगेटच्या आधी, १/८ एनपीटीचा आटा पाडा. हे टर्बो टेबलावर असतानाच. गाडीवर ड्रिल केले तर चुरा सरळ टर्बाइनच्या पात्यांत जातो. त्यात ६ मिमी स्टीलची नळी, ६०-७० सेंमी लांब, मध्ये तीन-चार वेटोळी. वेटोळी हवीतच, गॅस थंड व्हायला आणि कंपनाने नळी न तुटायला. पुढे सिलिकॉन होज, मग ५ बारचा सेन्सर. सेन्सर नळीच्या वरच्या टोकाला ठेवा. खाली ठेवला तर एक्झॉस्टमधले पाणी आत साचते.

दोन्ही दाब ॲब्सोल्यूट घ्या आणि भागाकार करा. ६,००० ला एक्झॉस्ट ÷ इनटेक १.५ च्या आत आले तर स्ट्रीट टर्बोसाठी उत्तम. २ च्या वर गेले की जळलेला वायू सिलिंडरमध्येच राहतो, पुढची हवा कमी येते, नॉक वाढतो. त्यावर बूस्ट वाढवून पॉवर वाढत नाही. मोठ्या कॉम्प्रेसरला छोटी टर्बाइन लावली की हमखास हेच होते.

घाटमाथा_२३०

डायनोबद्दल विचारतो. पुण्यात एकाच ट्यूनचे दोन डायनोवर ३० बीएचपीचे अंतर दिसते. कोणता खरा?

घनमापक

कदाचित दोन्हींचे मोजमाप बरोबर आणि एकाचे करेक्शन जास्त. एसएई करेक्शन (हवामानाचा फरक भरून काढणारा गुणक) आकडा ९९ किलोपास्कल आणि २५° ला आणून सांगते. पुण्यात ३५° तापमान आणि थोडी आर्द्रता धरली तर गुणक १.१ च्या वर येतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला हे न्याय्य आहे. पण तुमचा ईसीयू दाब भरून काढतोच. मोजलेले ३०० कागदावर ३३० होतात आणि हे तीस बीएचपी कुठेही नसतात.

करेक्शन बंद करून मूळ आकडा मागा, कागदावर तापमान आणि दाब छापून घ्या. आधीचा आणि नंतरचा पुल त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये. पुढे फक्त मोठा पंखा ठेवून भागत नाही, त्याचा वारा इंटरकूलरवर खरोखर पोचतोय ना ते हात घालून बघा.

तेरा_नंबरचा_पाना

बसवण्याबद्दल. बहुतेक टर्बो बसवताना मरतात, फक्त आवाज नंतर येतो.

खोक्यातून काढल्यावर शाफ्टचे टोक दोन बोटांत धरा. आडवे हलवले तर जर्नल बेअरिंगमध्ये थोडे हलतेच. कोरड्या बेअरिंगमध्ये तेलाची फिल्म नसते. हलवून धरून फिरवा : चाक हाऊसिंगला कुठेही लागता कामा नये. आता आत-बाहेर ओढा. इथे हाताला काहीही जाणवू नये. डायल गेज लावला तर ०.१ मिमीच्या आत. आत-बाहेर खडखड लागली तर तो टर्बो परत करा, मग तो नवा असो की कुणाचाही. नकली माल ओळखायचा तर कॉम्प्रेसरच्या पात्यांची मुळे टॉर्च मारून बघा : ओतकामाचे दाणे, दोन पात्यांमध्ये वेगवेगळी जाडी, नट घासून जास्त खोल केलेला बॅलन्स कट.

तेलाची फीड लाइन नवी, बॅन्जोची वॉशर नवी. तिथे सिलिकॉन सीलंट अजिबात नको. आत पिळून आलेला एक दाणा तेलाच्या छिद्रात बसला की संपले. बॉल बेअरिंग टर्बोला रेस्ट्रिक्टर लागतो का हे त्याच्या कागदपत्रांत पाहा, जर्नल बेअरिंगला लावायचा नाही. ड्रेन गुरुत्वाकर्षणाने चालते : मध्ये खोलगट वळण नको, वाट अरुंद नको, सेंटर हाऊसिंग उभ्या रेषेपासून ३५° हून जास्त कलते नको. ड्रेन तुंबले की तेल सीलमधून बाहेर येते, निळा धूर निघतो आणि लोक टर्बो परत पाठवतात. त्यात दोष टर्बोचा नसतो. क्रँककेस व्हेंटिलेशनचा डायाफ्राम फाटला असेल तरी नेमके हेच दिसते. ईए८८८ ला तो आधी तपासा.

बसवल्यावर फीडच्या छिद्रातून तेल सोडा, शाफ्ट हाताने फिरवा. इंजेक्शन बंद करून स्टार्टर दहा-दहा सेकंद मारा, ड्रेनमधून तेल येताना दिसेपर्यंत. मग चालू करा आणि दोन-तीन मिनिटे आयडल, थ्रॉटलला हात नाही. वेस्टगेट ॲक्चुएटरचे ॲडाप्टेशन डायग्नोस्टिक टूलने करा. हे न करता गाडी बाहेर काढू नये.

मग स्मोक टेस्ट (पाइपांत दाबाने धूर सोडून गळती शोधणे). क्रँककेस जोडलेला असताना ०.३ ते ०.५ बारच. त्याहून जास्त हवे असेल तर क्रँककेस वेगळा करा, नाहीतर क्रँकचे सील बाहेर येतात.

थंडा_करून_घ्या

मॅप सेन्सरही (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा, वरच्या आलेखाशी संबंध नाही) बघा. मूळ सेन्सरची मर्यादा ३ बार ॲब्सोल्यूट असेल आणि तुम्ही २.७ वर चालवणार, तर उडी मारताना सेन्सर छताला लागतो आणि ईसीयू आंधळा होतो. ४ बारचा सेन्सर आणि त्याचे कॅलिब्रेशन फाइलमध्ये, दोन्ही एकदम.

आरटीओ_समोर

कायद्याचे सांगतो, कारण याकडे डोळेझाक करून चालत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करायला मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतले कलम १८२अ(४) : विनापरवाना बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दावा अडकवू शकतो, म्हणून लेखी विचारा. फक्त ट्रॅकसाठी गाडी असेल तर गोष्ट वेगळी. कॅटलिटिक कन्व्हर्टर पूर्ण काढून टाकणे मात्र कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. पीयूसीमध्ये नापास होणे हा त्यातला लहान भाग, मागच्या गाडीतल्या माणसाने तो धूर का घ्यायचा?

घाटमाथा_२३०

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे वाचून लक्ष्य ३५० वरून ३३० वर आणतोय. ३३ पौंड, ६३° ला मॅनिफोल्ड २५५, कॉम्प्रेसरमधून बाहेर पडताना २६८, पुण्यात प्रेशर रेशो २.९, ६,००० ला ३९२ न्यूटन-मीटर. आयएस३८ नवा, ताज्या पार्ट नंबरचा. इंटरकूलर, टीसीयू ट्यून, ४ बारचा सेन्सर. आधी विमा कंपनी आणि आरटीओला लेखी विचारणार, उत्तर येईपर्यंत ऑर्डर नाही. तोवर आयएस२० चे लॉग तीन पुलचे, याच महिन्यात. हिशेबात चूक आहे का?

घनमापक

चूक नाही. एक भर घाला : ट्यूनरकडून प्रेशर रेशोची कमाल मर्यादा ३.० वर बांधून घ्या. या गाडीच्या सायमॉस १८ ईसीयूत उंचीनुसार टर्बोला आवर घालायची सोय आहे. पुष्कळ फाइलमध्ये ती मर्यादा उगाच वर नेऊन ठेवलेली असते. ३.० ला महाबळेश्वरात कॉम्प्रेसरचा दाब २४९ वर थांबेल, मॅनिफोल्ड २३६, पॉवर अंदाजे ३०५. शाफ्ट मोडण्यापेक्षा वरच्या घाटात पंचवीस बीएचपी सोडणे कधीही परवडते.

लॉगवाला

आणि फाइल मिळाल्यावर पहिल्या दिवशी पूर्ण बूस्ट नको. आधी १ बार गेजवर तीन पुल, लॉग वाचा. मग १.३. मग १.६. दर पायरीला लॅम्डा ०.८० ते ०.८५ मध्ये आहे ना, रेल पडत नाही ना, रिटार्ड वाढत नाही ना, एवढे पाहून पुढे. तिसऱ्या गिअरात २,५००-३,००० ला थ्रॉटल दाबून धरलेला असताना मॅनिफोल्डचा दाब फडफडत वर-खाली होत असेल, तर ते सर्ज (कॉम्प्रेसरमधली हवा उलटी फिरणे) आहे; त्या भागातली बूस्टची मागणी कमी करायला सांगा. थ्रॉटल सोडल्यावरचा फडफडाट वेगळा, तो डायव्हर्टर व्हॉल्व्हचा.

५०० किमीनंतर तेल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून कागद उलगडून बघा. चमक दिसली तर गाडी तिथेच उभी करा. टर्बोचे हेडचे नट थंड इंजिनावर मॅन्युअलच्या टॉर्कला परत तपासा. आयएस२० चे लॉग झाले की इथेच टाका, सगळे मिळून वाचू.